मोहरीच्या उशीतली सुई

माझ्या सासूने माझ्या दीड महिन्याच्या पोरीच्या उशीत रेडियम ठेवलं होतं.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग विचारलं, "रेडियम म्हणजे घड्याळाच्या काट्यांवर असतं ते? अंधारात चमकतं ते?" हो बाबा, तेच. पण काट्यांवर ते नावापुरतं असायचं. उशीत होती ती इस्पितळातली सुई होती, कॅन्सर जाळायची. आणि ठेवणारी बाई वेडी नव्हती. दुष्ट तर नव्हतीच नव्हती. दुष्ट असती तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते आणि आज हे सांगत बसले नसते.

सुंदराबाई तिचं नाव. राजापूरकडची. लग्न होऊन लालबागला आली ती चाळीतल्या एका खोलीत, आणि त्याच खोलीत तिचं सगळं आयुष्य गेलं. माझे सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच वारले होते. तिने गिरणीत वाइंडिंग खात्यात सुताच्या कांड्या भरल्या आणि एकुलत्या एक पोराला, म्हणजे आमच्या ह्यांना, रघुवीरला वाढवलं. ह्यांनाही पुढे गिरणीतच लावलं. बाई बुटकी, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर ऐकू जायचा. पदर खोचलेला, आणि तोंडात कायम मशेरी. तंबाखू तव्यावर जाळायची, तळहातावर चोळायची आणि दाताला लावून तासन् तास गालात धरून बसायची. सकाळी चाळीत सगळ्याच बायका लावायच्या, पण हिची मशेरी दिवसभर गालात असायची.

तिची एक खोड होती. घरात आलेली कुठलीही वस्तू एकटीने खायची नाही. गावाहून फणस आला की गरे आधी शेजारी जाणार, मग आम्हाला. ते ठीक आहे, चाळीत सगळेच करतात. पण ही बाई औषधसुद्धा वाटायची! गिरणीच्या दवाखान्यातून खोकल्याची बाटली आणली की अर्धी शेजारच्या राधाबाईला. डोळ्यात घालायचे थेंब पुऱ्या गॅलरीच्या डोळ्यांत. "मला गुण आला, तुला का नाही यायचा?" हे तिचं शास्त्र. तापाची गोळी असली तर मोठ्या माणसाला अख्खी, बाईमाणसाला अर्धी, पोराला चतकोर. विळीवर ठेवून कापायची. मला दिवस गेले तेव्हा उलट्या व्हायच्या, तर हिने मला स्वतःची संधिवाताची पुडी खायला घातली. मी सांगितलं, "आई, हे गुडघ्याचं औषध आहे." तर म्हणते, "मग काय झालं? तुला गुडघे नाहीत?"

आता हसू येतं. तेव्हाही येत होतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक होतं!

माझी पमी पंचावन्न सालच्या डिसेंबरात झाली. गोरीपान, नाकेली. थोड्या दिवसांनी तिच्या उजव्या कानामागे एक लाल ठिपका दिसायला लागला. आधी मला वाटलं ढेकूण चावला. मग तो वाढला, फुगला आणि पिकल्या करवंदासारखा लालभडक झाला. राधाबाई म्हणाली, जन्मखूण आहे, काही होत नाही. मी ऐकलं आणि गप्प बसले. सासू मात्र रोज पोरीला तेल लावताना तिथे बोट फिरवायची आणि गप्प व्हायची. गप्प होणं तिच्या स्वभावात नव्हतं, तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

कारण त्याच महिन्यात तिच्या स्वतःच्या गालात फोड निघाला होता. आतल्या बाजूला, जिथे ती मशेरी धरायची तिथेच. पांढरट, कडक, तिखट लागलं की जीव जायचा. ह्यांनी ओढत ओढत गिरगावातल्या एका छोट्या धर्मादाय इस्पितळात नेलं. ते इस्पितळ आता राहिलेलं नाही. तिथे गालाचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, कॅन्सर. पण लवकर आलात, रेडियमच्या सुया घालू, बरं होईल.

घरी येताना ती एवढंच बोलली, "मी पमीचे मुके घेते गं रोज. कानामागे."

"तर काय झालं?" मी म्हटलं.

"तिथंच उठलंय तिला."

मी तिला वेड्यात काढलं. हा रोग मुके घेऊन पसरत नाही असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं. तिने मान हलवली. पण त्या दिवसापासून तिने पोरीचा मुका घेतला नाही.

जानेवारीत तिला भरती केलं. सुया घालायच्या आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर होते, पोरगी राधाबाईकडे ठेवून. तिथे रेडियम सांभाळणारा एक तरुण होता, बिवलकर नावाचा. जाड चष्मा, गिरगावातलाच. शिशाच्या जाड पेटीत सुया ठेवायच्या, किती वेळ कुठे घालायच्या त्याचं गणित करायचं, हे त्याचं काम. बोलायला लाघवी. सासूने त्याला धरलंच.

"भाऊ, त्या सुईत असतं काय?"

"रेडियम, मावशी. मोहरीच्या दाण्याएवढंसुद्धा नाही. त्यावर प्लॅटिनमचं कवच."

"येतं कुठून ते?"

त्याला असं विचारणारा पेशंट बहुधा कधी भेटला नसावा. तो स्टूल ओढून बसला. म्हणाला, जमिनीत जिथे युरेनियमचा काळा दगड सापडतो तिथे हे असतं, पण गाडाभर दगडात चिमूटभरही नाही. दिसत नाही, वास नाही. पॅरिसमध्ये एक बाई होती, मादाम क्युरी. तिने आणि तिच्या नवऱ्याने साठ वर्षांपूर्वी ओळखलं की ह्या दगडात काहीतरी वेगळं लपलंय. मग एका गळक्या शेडमध्ये त्या बाईने गाड्याच्या गाड्या दगड आणवले, कुटले, मोठमोठ्या भांड्यांत उकळले, तिच्याएवढ्याच उंच लोखंडी सळईने ढवळले. चार वर्षं. तेव्हा कुठे चिमटीत मावेल एवढं रेडियम निघालं.

"बाईनं काढलं?" सासूचे डोळे मोठे झाले. "आणि ढवळायचं कोण? गडी ठेवले होते?"

"तीच ढवळायची."

"मग नवरा काय करीत होता?"

"तो मोजमाप करायचा."

"म्हंजे आमच्या गिरणीसारखंच की!" आणि ती खदखदून हसली. बिवलकरही हसला. मग म्हणाला, त्या नवऱ्याने एकदा मुद्दाम स्वतःच्या हाताला रेडियम बांधून बघितलं, तर तिथे जखम झाली. त्यावरून डॉक्टरांच्या ध्यानात आलं की चांगलं मांस जळतं तर रोगटही जळेल. तेव्हापासून कॅन्सरला वापरतात. ती बाईसुद्धा शेवटी त्यानेच गेली म्हणतात, रक्त आटून. हे त्याने सांगितलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. पण सासूचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"उद्या घातलेल्या सुया मग कधी काढणार?"

"आठवड्याने. मग स्वच्छ करून दुसऱ्या पेशंटला."

"त्याच सुया? संपत नाही त्यातलं औषध?"

"सोळाशे वर्षांनी निम्मं होईल, मावशी. तुम्ही आम्ही नसू, आपली पतवंडं नसतील, पण ही सुई काम करत राहील."

"माझं होऊन दुसरीला पुरतं," सासू म्हणाली. त्याने हो म्हटलं. ती खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटून न संपणारं औषध भेटलं होतं.

निघताना त्याने मला बजावलं, वॉर्डात लहान मूल आणायचं नाही, मोठ्यांनीही जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडेच उभं राहायचं. सासूने विचारलं, "पोरांना का नाही?" तो म्हणाला, "लहानांना एवढं सोसत नाही." आता ह्याचा अर्थ तुम्ही आम्ही काय घेऊ? लांब ठेवायचं. तिने घेतला तो तिच्या विळीवरचा. मोठ्याला अख्खी, पोराला चतकोर.

सुया घातल्यावर मी एकदाच तिला बघितलं, पट्ट्याअलीकडून. गाल भोपळ्यासारखा सुजलेला. प्रत्येक सुईच्या नेढ्यात रेशमाचा दोरा, आणि ते सगळे दोरे तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून गालावर पट्टीने चिकटवलेले. बोलायचं नाही, नळीने पेज प्यायची. तिने हाताने खूण करून विचारलं, पमी? मी म्हटलं, बरी आहे. मग तिने स्वतःच्या कानामागे बोट लावून भुवया उडवल्या. मी खरं सांगितलं, थोडं वाढलंय. सांगायला नको होतं असं लोक म्हणतात. मी कशाला खोटं बोलू? मला काय स्वप्न पडलं होतं?

आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. मग काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. गिरण्या ओस पडल्या, माणसं रस्त्यावर आली, लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला, गोळ्या सुटल्या. लालबाग, परळ, गिरगाव, सगळीकडे कर्फ्यू. आमचे हे मोर्चात गेले ते घरी परतलेच नाहीत. कुणी म्हणे पकडले, कुणी म्हणे गोळी लागली. मी पोरीला छातीशी धरून दारात बसून होते.

गिरगावातल्या त्या इस्पितळात गोळी लागलेल्यांची रीघ लागली. वॉर्ड, व्हरांडा, सगळं भरलं. लालबागचा एक जखमी सासूच्या वॉर्डाच्या दाराशी आणून टाकला. तो तिला ओळखत होता. बिचारा म्हणाला, "सुंदराकाकी, रघुवीर माझ्या पुढेच होता गं. पडलेला बघितला मी त्याला."

झालं. ही बाई उठली, पदर तोंडावरून ओढला आणि बाहेर पडली. त्या गर्दीत कुणाला पत्ता नाही. गालात रेडियमच्या सुया, दोरे लोंबतायत, रस्त्यावर पोलीस, आणि ही भायखळ्याचा पूल ओलांडून चालत लालबागला आली! दिवेलागणीच्या सुमाराला ती दारात उभी राहिली तेव्हा मी किंचाळलेच.

तिने पहिली खूण केली ती, रघुवीर? मी म्हटलं, "आहेत आई, जिवंत आहेत. आत्ताच निरोप आला." खरंच आला होता. हे कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात लपले होते, एका ओळखीच्या हमालाच्या आसऱ्याने. पळताना पडले होते, गुडघा फुटला होता, एवढंच. ते ऐकून ती भिंतीला टेकून खालीच बसली. रडली नाही. तोंड उघडत नव्हतं तर रडणार कशी? नुसते डोळे गळत होते.

मी म्हटलं, आता इस्पितळात परत चला. तिने बाहेर बोट दाखवलं. कर्फ्यू. खरंच, कुणाला घेऊन जाऊ, कशी जाऊ? मी पमीला घेऊन राधाबाईच्या खोलीत जेवायला गेले, कारण मला तो पांढरा पट्टा आठवत होता. पण परत आल्यावर पोरीला झोपवायचं कुठे? पाळणा आमच्याच खोलीत, आणि राधाबाईकडे रात्री माणसांचीच दाटी. मी सासूला दाराजवळच्या कोपऱ्यात बसवलं आणि पाळणा पार खिडकीकडे ओढला. मला वाटलं, केली मी सगळी काळजी. पाळण्यात नेहमीसारखी मोहरीची उशी ठेवली, पोरीचं डोकं गोल व्हावं म्हणून वापरतात ती, आणि तिच्यावर पमीला ठेवली. उशी माझ्या सासूनेच शिवली होती.

तिच्या पदराला रक्त लागलेलं मी बघितलं. ती मोरीत बराच वेळ होती, मी राधाबाईकडे गेले होते तेव्हा. मला वाटलं, सुयांच्या जखमेतून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर चाळीत आरडाओरडा झाला. "सीआयडी आले! सीआयडी!" मी गॅलरीतून वाकून बघते तर खाली अंगणात कर्फ्यूचा पास काढून आलेला बिवलकर, बरोबर इस्पितळाचा एक माणूस. बिवलकरच्या खांद्याला एक पेटी, पेटीला वायर, वायरीच्या टोकाला नळी. ती पेटी कटकट आवाज करत होती. राधाबाई मुसळ घेऊन जिन्यात उभी, तिच्यामागे सगळ्या मजल्यांवरच्या बाया.

"माणूस शोधायचं यंत्र आणलंय मेल्यांनी," राधाबाई ओरडली. "आमच्या रघुवीरला शोधायला आलेत! एक पायरी चढून दाखवा!"

"अहो बाई, मी पोलीस नाही, मी इस्पितळातला आहे—"

"पोलिसांनीच पाठवलं असंल! इस्पितळातला माणूस पेटी घेऊन फिरतो व्हय?"

तो हात जोडत होता. बायका ऐकेनात. कुणीतरी म्हणालं, आपला आहेस तर घोषणा दे. त्या सभ्य माणसाने चष्मा सावरला आणि किनऱ्या आवाजात ओरडला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" बाया हसायला लागल्या. मी वरून जीव तोडून सांगत होते की मी ओळखते ह्याला, सोडा, पण त्या गलक्यात ऐकतंय कोण? आणि एवढा सगळा तमाशा होईपर्यंत माझी पोर पाळण्यात उशीवर शांत झोपलेली होती. आजही तो जिना आठवला की माझं डोकं फिरतं.

शेवटी तो वर आला. सासू कोपऱ्यात बसलेली. त्याने नळी तिच्याकडे केली तशी पेटी नुसती तडतडायला लागली. बायका दारातून मागे सरल्या. त्याने तिच्या गालावरची पट्टी सोडवली, दोरे हलक्या हाताने वेगळे केले, बॅटरीने तोंडात बघितलं. पुन्हा बघितलं. मग बोटाने एक एक दोरा मोजला.

"एक सुई नाही," तो म्हणाला. "मावशी, वाटेत पडली का? कुठे पडली?"

सासूने पदर तोंडावर ओढला.

त्याने बरोबरच्या माणसाला सांगितलं, ह्यांना गॅलरीच्या टोकाला न्या, लांब. तिला नेलं. पेटीचा आवाज उतरला. उतरला, पण थांबला नाही. बिवलकर खोलीत हळूहळू फिरायला लागला. चूल, मोरी, फडताळ. तो खिडकीकडे वळला आणि आवाज वाढला. एक पाऊल, वाढला. आणखी एक, आणखी वाढला. मी बघतेय, तो कुठे चाललाय. त्याच्या पुढे दुसरं काहीच नव्हतं. फक्त पाळणा होता.

त्याच क्षणी मी पोरीला उचलून दाराबाहेर होते. कशी गेले, पाळणा उलटला का, कुणाला धक्का लागला, काही आठवत नाही. मागे ती पेटी किंचाळत होती आणि बिवलकर ओरडत होता, "उशी! उशीत आहे!"

त्याने लांब चिमट्याने उशी उचलली. एका कोपऱ्याची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. बारीक, नेटके टाके, माझ्या सासूचे. मोहरी सगळ्या खोलीभर सांडली आणि तिच्यातून ती सुई निघाली, दोऱ्याच्या तुकड्यासकट. ती शिशाच्या डबीत गेली, झाकण लागलं आणि पेटी शांत झाली.

मग त्याने सासूच्या गालावरची सोडवलेली पट्टी हातात घेऊन बघितली. एका दोऱ्याचं नुसतं टोक तिला चिकटून राहिलं होतं. "कापलाय," तो म्हणाला. "पडलेली नाही. ह्यांनी ओढून काढलीय. अहो, गालात रुतलेली सुई हाताने ओढून काढली ह्यांनी!"

मी गॅलरीत धावले. पोर काखेत, आणि मी सासूच्या अंगावर किंचाळले, "काय केलंत तुम्ही? माझ्या पोरीला मारायला निघालात?" तिने डोळे वर केले. तिला खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. सुजलेल्या तोंडातून कसेबसे शब्द काढले तिने. "मला सगळ्या कशाला गं? एक तिला. फक्त एक. लहान आहे म्हणून."

मी तिच्यावर हात उगारला होता. राधाबाईने धरला.

इस्पितळाच्या गाडीतून आम्हा तिघींना नेलं, सासूला पुढे, मला नि पोरीला मागे. डॉक्टरांनी पमीला तपासलं. तिच्या कानामागे लाल झालं, सोललं, महिनाभर चिघळलं. मी रोज पट्टी करायची आणि रोज रडायची. जखम भरली तेव्हा तिथे रुपयाएवढी पांढरी, चकचकीत, ताणलेली कातडी राहिली. तिथे कधीच केस उगवला नाही. आणि तो लाल फुगा? तो गेला. मागमूस राहिला नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे सुईने तो बरा झाला?"

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "अशी लाल गाठ पुष्कळ मुलांना असते. ती कॅन्सर नसते. आधी वाढते आणि मग पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बहुतेकांची आपोआप जाते. काही करावं लागत नाही."

मी ते ऐकून बाकावर बसून राहिले. काही करावं लागत नाही. आपोआप जाते.

सासूच्या गालात ती सुई परत घालायची तर भूल द्यायला हवी होती. पण तेव्हा टेबलावर एकामागून एक गोळी लागलेली पोरं येत होती. चार-पाच दिवसांनी जागा मोकळी होईपर्यंत गाल इतका सुजला की डॉक्टर म्हणाले, आता नको, बाकीच्या सुयांवर भागेल अशी आशा करू. आठवडा भरल्यावर बाकीच्या काढल्या आणि ती घरी आली.

घरी आली, पण मी तिला पोरीला हात लावू दिला नाही. पाळण्याजवळ फिरकू दिलं नाही. ह्यांनी मध्ये पडून बघितलं, राधाबाईने समजावलं, मी ऐकलं नाही. आजही सांगते, मी केलं ते बरोबर केलं. जिने एकदा उशी उसवली ती पुन्हा काय करील कुणी सांगावं? सासू एका शब्दाने भांडली नाही. मशेरी सोडली तिने. संध्याकाळी मी पोरीला घेऊन गॅलरीत बसले की ती आत उंबऱ्याशी बसायची आणि लांबून मान वाकडी करून बघायची. पोरीच्या तोंडाकडे नाही, कानामागे. पण तोवर पमीचं वरचं जावळ वाढून त्या जागेवर पडायला लागलं होतं, तिला काही दिसायचं नाही.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तिला पुन्हा गिळायला त्रास व्हायला लागला. मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी बोट घालून सगळा गाल चाचपला. म्हणाले, "बाकीचा गाल स्वच्छ आहे. कमाल आहे, पार स्वच्छ. फक्त ही एवढी एक जागा."

बिवलकर तिथेच उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं. "ती जागा त्या सुईची का?"

तो हातातले कागद चाळायला लागला. "सांगा," मी म्हटलं.

"त्याच सुईची," तो म्हणाला. "तेवढ्या तुकड्याला पुरेसं मिळालं नाही. आता ते आत पसरलंय. आता सुया घालून उपयोग नाही."

मी तिला घरी आणलं. तिने आपल्या वाट्याचं काढून पोरीला दिलं होतं, आणि पोरीला ते नकोच होतं. आणि हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पण त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं.

खोलीत शिरल्यावर मी पमीला राधाबाईकडून आणलं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. दीड वर्षाची धावती पोर, ती चुळबुळ करायला लागली. तिने माझ्याकडे बघितलं, घेऊ का म्हणून. मी मान हलवली. तिने पोरीचं डोकं हळूच वळवलं, बोटांनी केस बाजूला केले आणि कानामागची ती पांढरी जागा कितीतरी वेळ बघत राहिली. लाल कुठेच नव्हतं. तिने अंगठा फिरवला त्यावरून.

"गेलं ना गं?" ती म्हणाली. आवाज कसला, घोगरा वारा. "सुई लागू पडली ना?"

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. खोटं बोलायची तर मला चीड आहे. मी तिच्या समोर बसले आणि म्हटलं, "हो आई. लागू पडली. तुमच्यामुळे गेलं."

तिने पोरीच्या कानामागे मुका घेतला. दीड वर्षाने पहिला. मग म्हणाली, "राधाबाईच्या नातवालाही मानेवर आहे तसं. त्या भाऊला सांग, आता मला घालतील त्यातली एक त्याला दे म्हणावं."